सहावे दफ्तर



ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षे काम केले. त्यांच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा एक खतावणी जास्त वेळ उघडी असे. किराणा दुकानदार उधारी मांडतात तसली, लाल कापडी बांधणीची. मोफत विधी सहाय्यात आलेल्या बंद्यांच्या नोंदी ते तिच्यात ठेवत. एका माणसाला एक ओळ आणि ओळीत सात रकाने: बंद्याचे नाव, वडिलांचे नाव, पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, अटकेची तारीख, कोर्टातला केस नंबर, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेली एक तारीख. मी नवा असताना विचारले, "साहेब, ही तारीख कोणत्या कोर्टाची?" ते म्हणाले, "कोर्टाची नाही, कायद्याची आहे. कोर्टाला तिची आठवण आपण करून द्यायची."

ती तारीख ते स्वतः काढत. लावलेल्या कलमाखाली जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते, तिच्या निम्मा काळ ज्या दिवशी तुरुंगात भरेल, तो दिवस. त्या दिवसानंतर कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायला हवे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६-अ मध्ये लिहिलेले होते. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम आले आणि जून २००६ पासून लागू झाले. लाल तारीख आठवड्यावर आली की साहेब मला अर्ज टाइप करायला बसवत.

ती एक ओळ पुरी करायला किती खेटे पडत, ते मी पाहिले आहे. गुन्ह्याचा नंबर पोलीस ठाण्यात. केसचा नंबर कोर्टातल्या बेंच क्लार्ककडे. तुरुंगात दाखल झाल्याची तारीख कारागृहाच्या रजिस्टरात. तीन कचेऱ्या, तीन रजिस्टरे, आणि एकीतले दुसरीला ठाऊक नाही. माणूस मात्र एकच, आणि तो बराकीत बसलेला. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याला अभ्यासक सरकारी नोंदींची जोडणी म्हणतात. मला ती पहिल्यांदा भेटली ती या खतावणीत. आज पोलिसांची, कोर्टांची आणि तुरुंगांची दफ्तरे संगणकाने जोडली जात आहेत, त्यावर हजारो कोटी रुपये खर्च होत आहेत. ही जोडणी कुणासाठी आणि आधी कोणत्या कामासाठी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आत कोण आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या १,३३० कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. जागा ४,३६,२६६ जणांची. या माणसांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे चारांतले तीन. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. यांतले बरेच पुढे निर्दोष सुटतील, आणि तोवर घरातल्या कर्त्या माणसाची मजुरी गेलेली असेल, मुलाची शाळा सुटलेली असेल.

आता जरा मागे जाऊ. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले खुस्रो फरामर्झ रुस्तमजी पोलीस सेवेत वाढले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक झाले, आणि निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून बिहारमधल्या तुरुंगांत गेले. तिथे त्यांनी जे पाहिले, ते जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये लेख लिहून मांडले. वर्षानुवर्षे खटल्याविना पडून असलेली माणसे, बायका, मुले. ते लेख हाती धरून पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 'हुसैनआरा खातून' खटला उभा राहिला. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने त्यातून जलद खटल्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कात बसवला, हे कायद्याचा विद्यार्थी पहिल्या वर्षाला शिकतो. त्या निकालपत्रांतली दुसरी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. न्यायालयाने बिहार सरकारकडे एक तक्ता मागितला होता: कच्चे कैदी किती, कोणत्या वर्षापासून आत, त्यांचा गुन्हा किरकोळ की गंभीर. सरकारने आणलेला तक्ता पुरेसा नव्हता, तेव्हा न्यायालयाने सुधारून आणायला लावला. मग जे दिसले त्याने देश हादरला. काही माणसे आपल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत होती. त्या खटल्यातून पुढे सुमारे चाळीस हजार बंदी सुटले असे मानले जाते.

दंडसंहिता प्रत्येक वकिलाच्या कपाटात होती आणि तुरुंगाचे रजिस्टर प्रत्येक जेलरच्या टेबलावर. अन्याय दोन्ही ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला होता, पण एकाच कागदावर कुणी मांडला नव्हता. तो एका तक्त्यात आला आणि दडवणे अशक्य झाले. म्हणून नोंदींची जोडणी ही संगणकतज्ज्ञांची बाब आहे, आपल्याला तिच्याशी काय करायचे, असे म्हणून आपल्याला चालणार नाही. आपल्या देशात ती न्यायाच्या लढाईतच जन्मली आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ४३६-अ ची जागा आता कलम ४७९ ने घेतली आहे. निम्म्या शिक्षेचा नियम कायम आहे. जो पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडला आहे, म्हणजे ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळ भरला की बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेप असलेले गुन्हे यात येत नाहीत. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे. म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला एक वर्ष भरल्यावर सोडायचे. घरातल्या चोरीचे कलम लागले तर सात वर्षे, म्हणजे दोन वर्षे चार महिने. अर्ज करण्याचे काम कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे, वकिलावर नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या बंद्यांनाही लागू केले. वकीलसाहेब असते तर त्या रात्री त्यांनी सगळ्या लाल तारखा खोडून नव्या लिहिल्या असत्या.

पण हे कलम नीट वाचा. अधीक्षकाला अर्ज करायचा तर त्याला काय काय ठाऊक हवे? कलम आणि कमाल शिक्षा. दाखल तारीख. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का, कोणत्याही कोर्टात, कोणत्याही जिल्ह्यात. आणि पोटकलम २ प्रमाणे आणखी एखादी केस प्रलंबित आहे का, कारण एकाहून जास्त गुन्ह्यांत वा केसेसमध्ये तपास किंवा खटला चालू असेल तर या कलमाचा लाभच नाही. म्हणजे दोन नोंदी निर्णायक ठरतात. 'पूर्वी शिक्षा नाही' ही नोंद माणसाला लवकर बाहेर काढते. 'दुसरी केस आहे' ही नोंद त्याला आत ठेवते. दोन्ही नोंदी तुरुंगाच्या दफ्तरात नाहीत, बाहेर आहेत. दफ्तरे जोडल्याशिवाय हा कायदा राबवताच येत नाही.

मग ती जोडली आहेत का? आहेत. पोलिसांची सीसीटीएनएस ही यंत्रणा २००९ साली मंजूर झाली. कोर्टांची ई-कोर्ट, तुरुंगांची ई-प्रिझन, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची आणि सरकारी वकिलांची, अशा पाच यंत्रणा आंतरपरिचालनीय फौजदारी न्याय प्रणालीत एकत्र आणल्या आहेत. सगळे जण तिला आयसीजेएस म्हणतात. तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. तिचे ब्रीद आहे की माहिती एकदाच भरायची आणि सर्वांनी वापरायची. मी या कामाच्या विरोधात नाही. ज्याने सायकलवरून तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या, तो विरोधात कसा असेल?

पण ते पाच खांब मोजून पाहा. पकडणारा आहे. पुरावा तपासणारा आहे. खटला चालवणारा आहे. निकाल देणारा आहे. कोंडून ठेवणारा आहे. बचाव करणारा नाही. विधी सेवा प्राधिकरण, ज्याच्यावर गरीब बंद्याचा बचाव अवलंबून आहे, ते या पाचांत नाही. वकीलसाहेबांची खतावणी हे सहावे दफ्तर होते आणि ते आजही बाहेर आहे. माझे आजचे सगळे म्हणणे यात आले. ते बाहेर असले की काय होते, ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो.

एका जिल्हा कारागृहात मी विधी सहाय्याच्या भेटीला गेलो होतो. कोणते ते सांगत नाही. मुलाखतीच्या जाळीपलीकडे पंचविशीचा एक पारधी मुलगा उभा राहिला. ऊसतोडीच्या हंगामात चोरीच्या संशयावरून उचललेला. त्याने एकच विचारले, "साहेब, माझी तारीख कधी लागलीय?" मी दोन दिवसांनी कोर्टात जाऊन फाइल काढली. त्याला जामीन मंजूर होऊन बेचाळीस दिवस झाले होते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आदेशात त्याचे नाव होते ते पोलिसांनी लिहून घेतलेले, वडिलांच्या नावापुढे 'उर्फ' लावून. तुरुंगाच्या रजिस्टरात वडिलांचे नाव दुसरेच, आजोबांचे. त्यामुळे आदेश आला तरी तो या माणसाचा आहे हे कुणी ओळखले नाही. आणि ओळखले असते तरी पंधरा हजारांचा स्थानिक जामीनदार हवा होता. जामीनदाराला सातबारा लागतो किंवा पगाराची स्लिप, रेशनकार्ड लागते, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. पालात राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत सातबारा असलेला कोण असणार? त्याची आई दर मंगळवारी गेटबाहेर येऊन बसत होती. तिच्या पदरात बांधलेले सातशे रुपये तिने माझ्यापुढे धरले तेव्हा मला मान वर करता आली नाही.

१९७८ साली मोती राम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी हाच प्रश्न हाताळला होता. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस परका ठरवायचा नाही, असे त्यांनी तेव्हाच बजावले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी त्या पारधी मुलाची फाइल काढत होतो.

आता ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पाहा. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकामार्फत बंद्याला मिळाला पाहिजे. अधीक्षकाने जामीन मंजूर झाल्याची तारीख ई-प्रिझनमध्ये भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, आणि संगणकानेही आपोआप त्यांना ई-मेल पाठवावा अशी सोय करायची. एका महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. त्या सुमारास जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले सुमारे पाच हजार बंदी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने शोधले होते. दोन महिने आधी संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी याच माणसांबद्दल न्यायाधीशांसमोर कळकळीने बोलून दाखवले होते. मला हा आदेश फार मोलाचा वाटतो. एक तारीख एका चौकटीत भरायची आणि सातव्या दिवशी एक पत्र आपोआप जायचे. एवढ्याने त्या आईचे पाच मंगळवार वाचले असते. सहाव्या दफ्तरासाठी न्यायालयाने उघडलेली ही खिडकी आहे. तिचे दार व्हायला हवे. केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठी योजना आहे, जामिनासाठी पैशाची मदत मिळते; पण कोण बंदी पैशाअभावी अडकला आहे, हे वेळेवर कळले तरच ती मदत त्याच्यापर्यंत जाईल.

आता जोडणीतल्या धोक्याकडे येतो, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

दोन दफ्तरांतल्या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत हे संगणक कसे ठरवतो? नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवून. इव्हान फेलेगी आणि अॅलन सन्टर या कॅनडातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली याचे गणित मांडले. त्यातले मर्म साधे आहे. विरळ नाव जुळले तर त्याला जास्त वजन, सर्रास आढळणारे नाव जुळले तर कमी. आता हे आपल्या मातीत लावून पाहा. पारध्यांत पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण ही मोजकी आडनावे. पहिली नावेही त्याच त्याच घरांत फिरणारी. पत्ता म्हणजे गावाबाहेरचे पाल. आणि जन्मतारीख? या सभागृहात किती जणांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो? हात वर करायला सांगत नाही, पण माझ्या वडिलांचा येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिन्याची पहिली तारीख मांडली आणि ती जन्मभर चिकटली. म्हणजे जन्मतारीख जुळली तर संगणकाला वाटेल की भक्कम पुरावा मिळाला, आणि आपल्याला ठाऊक आहे की त्याने काहीच सिद्ध होत नाही. ज्यांच्या जन्माची नोंद रुग्णालयात झाली, त्यांची जोडणी अचूक होईल. ज्यांचे नाव आणि तारीख कुणीतरी अंदाजाने लिहिली, त्यांच्या ओळीला दुसऱ्याची केस चिकटेल. कलम ४७९ मध्ये चिकटलेल्या केसचा अर्थ काय होतो, ते मघाशी सांगितले. चुकीची जोडणी म्हणजे तुरुंगातली वर्षे.

आणि ही माणसे नोंदीला का भितात, हेही आपल्याला समजून घ्यावे लागेल. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर पसरवला. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरली. नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे दफ्तरात, ठरलेल्या वेळी हजेरी, परगावी जायचे तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला आणि ठाण्यातले जुने दफ्तर नव्या नावाने उघडे राहिले. चोरी झाली की गाडी आधी पालाकडे वळते. उचलायचे, दोन-चार गुन्ह्यांत नाव घालायचे, काही सिद्ध होत नाही, पण गुन्ह्यांची यादी लांबते. पुढच्या वेळी तीच यादी कोर्टापुढे ठेवून जामिनाला विरोध करायचा. ही यादी कागदावर होती तोवर एका ठाण्याच्या कपाटात होती. आता ती देशातल्या कुठल्याही ठाण्यात दिसते.

२०२२ च्या ओळख कायद्याने ठसे, बुबुळे आणि इतर मोजमापे पंच्याहत्तर वर्षे जपून ठेवायची सोय केली आहे. निर्दोष सुटलेल्याची नोंद काढून टाकावी असेही त्याच कायद्यात आहे. पण त्यासाठी निर्दोष सुटल्याचा निकाल कोर्टातून पोलिसांच्या संगणकापर्यंत पोचायला हवा. अटकेची बातमी क्षणात पोचते. सुटकेची बातमीही तितक्याच वेगाने पोचते का, यावर मी जोडणीची परीक्षा करीन. दर दोषारोपपत्रामागे जशी नोंद आपोआप उघडते, तशी दर निर्दोष निकालामागे ती आपोआप मिटली पाहिजे, आणि आपल्या ओळीला काय जोडले आहे हे बंद्याला आणि त्याच्या वकिलाला पाहता आले पाहिजे. चूक दुरुस्त करण्याचा हक्क नसेल तर मी या यंत्रणेला हजेरीचे नवे रजिस्टरच म्हणेन.

जोडणीचा दुसराही एक उपयोग आहे. त्यात एका माणसाला शोधायचे नसते, हजारो माणसांना व्यवस्था कशी वागवते ते पाहायचे असते. याचे चांगले उदाहरण इंग्लंड आणि वेल्सचे आहे. २०१७ साली खासदार डेव्हिड लॅमी यांनी सरकारच्या विनंतीवरून तिथल्या फौजदारी न्यायव्यवस्थेची तपासणी केली. कृष्णवर्णीय, आशियाई आणि अन्य अल्पसंख्य समाज लोकसंख्येत १४ टक्के, तुरुंगात २५ टक्के. लॅमी यांनी यंत्रणेला सांगितले की या तफावतीचे पटणारे कारण द्या, ते देता येत नसेल तर कारभार बदला. पण कारण शोधायचे तर पोलीस ते तुरुंग या वाटेवर माणूस कुठे कुठे वेगळा वागवला जातो, ते दिसायला हवे. तिथल्या न्याय मंत्रालयाने मग 'डेटा फर्स्ट' हा उपक्रम सुरू केला. खालची कोर्टे, क्राउन कोर्ट, तुरुंग, परिवीक्षा सेवा यांच्या नोंदी जोडल्या. नावे काढून टाकली. जोडणीसाठी लिहिलेली 'स्प्लिंक' ही संगणकप्रणाली जगाला फुकट दिली. अभ्यासकाला ही माहिती घरी नेता येत नाही. माणूस विश्वासाचा, काम लोकहिताचे, जागा सुरक्षित, माहिती निनावी आणि बाहेर जाणारा निष्कर्ष तपासलेला, अशा पाच अटी पाळून त्या सुरक्षित जागेतच अभ्यास करायचा. त्यातून दिसले की क्राउन कोर्टात अल्पसंख्य समाजातल्या आरोपींना खटल्याआधी कोठडीत ठेवण्याचे आणि तुरुंगवासाची शिक्षा होण्याचे प्रमाण जास्त आहे, आणि गुन्ह्याचे स्वरूप हिशेबात धरूनही ती तफावत पुरती मिटत नाही. एकेका न्यायाधीशाला विचाराल तर तो म्हणेल, मी प्रत्येक प्रकरण गुणवत्तेवर पाहिले. तो खरेच सांगत असेल. पक्षपात एका निकालात दिसत नाही, हजार निकाल शेजारी ठेवल्यावर दिसतो.

आपल्याकडे असा अभ्यास विमुक्तांबद्दल करायला गेलात तर पहिल्याच पायरीला अडाल. तुरुंगांच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने आहेत. कच्च्या कैद्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश या तीन रकान्यांत येतात. विमुक्तांचा रकाना नाही. आणि महाराष्ट्रात तर फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच छळाचे बळी तीन रकान्यांत विखुरले आणि कुठल्याच रकान्यात दिसेनासे झाले. ज्यांना सरकारने ऐंशी वर्षे नावानिशी मोजले, त्यांच्यावरच्या अन्यायाची मोजदाद करायची वेळ आली तेव्हा त्यांचा आकडाच नाही. याची मला चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. विमुक्तांना मनमानी अटकेपासून जपा, असेही त्यात पोलिसांना बजावले आहे. मी या निकालाने आनंदलो. झाडू कुणाच्या हाती आणि पळी कुणाच्या हाती हे ठरवणारा तो रकाना होता. पण काही स्नेही म्हणतात की आता जात मोजायचीच नाही. त्यांच्याशी माझा मतभेद आहे. बराकीच्या दाराशी जात कळता कामा नये. अभ्यासाच्या खोलीत, नावे काढून टाकलेल्या तक्त्यात, ती दिसलीच पाहिजे, नाहीतर कोणाला जामीन लवकर मिळतो आणि कोणाला उशिरा, हे कधीच कळणार नाही. एकच माहिती एका जागी माणसाला डागते आणि दुसऱ्या जागी त्याची साक्ष देते. त्या दोन जागांमध्ये भिंत बांधणे हे कायदा करणाऱ्यांचे काम आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती भिंत बांधलेली नाही. सरकारी यंत्रणांना त्याने मोठ्या सवलती दिल्या आहेत.

सहाव्या दफ्तराला दार कधी मिळेल, हे आपल्या हातात नाही. पण खतावणीची लाल तारीख तरी आपल्या हातात आहे. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांची आढावा समिती आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यावर असतात आणि दर तिमाहीला ती बसते. समोर बसलेल्या वकिलांना, शिक्षकांना, पत्रकारांना माझी विनंती आहे की त्या बैठकीच्या आधी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या माहिती अधिकाऱ्याकडे दोन अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून दोन. कुणाचेही नाव मागू नका. पहिल्यात विचारा: जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटल्यावरही आपल्या जिल्ह्यातील कारागृहातून न सुटलेले बंदी आज किती आहेत, आणि त्यांच्याबाबत अधीक्षकांकडून मागील तीन महिन्यांत किती सूचना मिळाल्या? दुसऱ्यात विचारा: कलम ४७९ खाली मागील तीन महिन्यांत किती बंदी पात्र ठरले, अधीक्षकांनी किती अर्ज केले आणि किती जण प्रत्यक्ष बाहेर आले? प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.